गुरुवारी वाढणारी साखर

पोषणशास्त्राची पदव्युत्तर पदवी हातात पडली की माणसाला दोन गोष्टी लख्ख दिसू लागतात: इतरांच्या ताटातल्या चुका आणि स्वतःचे भविष्य. मला दोन्ही दिसत होत्या, आणि दोन्हींबाबत माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी.ची जागा निघणार होती. एकच. मुलाखत उन्हाळ्यात होती आणि उमेदवाराने स्वतः राबवलेल्या एखाद्या उपक्रमाचा निष्कर्ष समितीपुढे मांडावा, अशी अट होती. अटीत ‘निष्कर्ष’ असे लिहिले होते. मी ते ‘यश’ असे वाचले. ती जागा मला इतकी हवी होती की घरी कोणी लग्नाचा विषय काढला तर मी शांतपणे मुलाखतीचा महिना सांगत असे आणि आयुष्यातले बाकी सर्व त्या महिन्यापलीकडे ढकलत असे.

उपक्रम मात्र आयता मिळाला. पालघरच्या ज्या स्वयंसेवी संस्थेत मी नोकरी करीत होते, तिने बोईसरहून समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर, घिवलीच्या अलीकडच्या एका गावातली शाळा निवडली होती. शाळेतली मुले आणि त्यांच्या घरची माणसे जी बाटलीबंद गोड पेये पितात, ती कमी करायची, हे उद्दिष्ट. कालावधी दिवाळीनंतरपासून परीक्षेपर्यंत. अंमलबजावणी माझ्याकडे. मी माझ्या स्कूटरच्या डिकीत तक्ते, मोजण्याचे चमचे आणि एक काचेचे पातेले भरून निघाले, तेव्हा त्या गावाची साखर आता माझ्या हाती आहे, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

उपक्रमाला आर्थिक पाठबळ औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचे होते. हा कारखाना काय तयार करतो, हे मला उद्घाटनाच्या दिवशी कळले. त्यांच्या अधिकाऱ्याने आठवण म्हणून मला एक किल्ल्यांची साखळी भेट दिली आणि तिला बाटलीचे एक लाल झाकण लटकत होते. थंड पेयांच्या बाटल्यांची झाकणे तयार करणारा कारखाना थंड पेये कमी करण्याचा खर्च उचलत होता. मी हा विसंवाद शक्य तितक्या सभ्यपणे त्यांच्या निदर्शनास आणून दिला. ते बोईसरला फार वर्षे राहिलेले, उत्तरेकडचे गृहस्थ. अजिबात विचलित झाले नाहीत.

“मैडम, ढक्कन तो पानी की बोतल पर भी लगता है,” ते म्हणाले.

या विधानात मला कोणताही तार्किक दोष सापडला नाही.

उद्घाटनाला पालक बऱ्यापैकी जमले होते. मी माझे हुकमी प्रात्यक्षिक केले. टेबलावर नारिंगी पेयाची एक मोठी बाटली ठेवली, शेजारी काचेचे पातेले, आणि सहावीतल्या एका मुलीला बोलावून तिच्या हाती चमचा दिला. त्या बाटलीत जितकी साखर असते तितके चमचे तिने मोठ्याने मोजत पातेल्यात टाकायचे होते. ही मुलगी विलक्षण काटेकोर निघाली. चमचा किंचित शिगोशीग भरला तरी ती बोटाने तो सपाट करी आणि मगच आकडा उच्चारी. पातेल्यात साखरेचा ढीग वाढत गेला, तशी सभा स्तब्ध होत गेली. मला हवा होता तो परिणाम साधला, असे मी समजले.

मागच्या रांगेतून एक बाई शेजारणीला म्हणाल्या, “येवढी साखर टाकतात काय? आमाला वाटलं नुसतं रंगाचं पाणी हाय.”

“म्हंजे फसवत नाय ते लोक,” कोपऱ्यात उभे असलेले एक गृहस्थ उद्गारले, आणि बऱ्याच माना समाधानाने हलल्या.

मी माझ्या वहीत ‘जागृती साधली’ असे नोंदवले.

पुढच्या आठवड्यात प्रभातफेरी झाली. फेरीचे घोषवाक्य मुख्याध्यापकांनी स्वतः रचले होते: ‘थंड पेय टाळा, आरोग्य सांभाळा.’ मुलांनी ते गावभर इतक्या निष्ठेने ओरडून म्हटले की परतेपर्यंत त्यांचे घसे बसले. ऊन चढले होते. शाळेच्या फाटकाशी गावातले किराणा दुकानदार, जे याच शाळेचे माजी विद्यार्थी होते, दोन टेबले मांडून उभे होते. टेबलांवर नारिंगी पेयाने भरलेले कागदी पेले.

“अहो, हे काय?” मी विचारले.

“पोरं उनात बोंबलून आली, मॅडम. त्यांना काय कोरडं पाठवू?”

“पण ती कशाविरुद्ध बोंबलत होती, ऐकलंत ना?”

“आयकलं की. चांगलं बोलत होती. माझा पोरगा सगल्यात पुढं होता.”

मुख्याध्यापकांनी ध्वनिक्षेपकावरून दानशूर माजी विद्यार्थ्याचे आभार मानले. संस्थेच्या दालनात लावलेल्या छायाचित्रात मुलांच्या एका हातात फलक आणि दुसऱ्या हातात पेला आहे. फलक वाचता येऊ नयेत इतपत ते छायाचित्र नंतर लहान करण्यात आले.

या किरकोळ अपघातांनी मी खचले नाही, कारण माझा खरा भरवसा नोंदवहीवर होता. प्रत्येक घरासाठी एक वही. रोजच्या तारखेपुढे चौकट. घरातल्या कोणीही गोड पेयाचा एक पेला प्यायला की एक वर्तुळ. शेवटी ‘शेरा’ असा एक अरुंद रकाना, तो केवळ पान भरल्यासारखे दिसावे म्हणून मी घातला होता. वह्या मुलांनी भरायच्या, कारण मुले खोटे बोलतात, पण आईवडिलांविषयी सहसा खरे सांगतात. चहा धरायचा की नाही, यावर शिक्षकांच्या खोलीत चर्चा झाली. “चहा धरलात तर आम्हीही त्यात आलो,” मुख्याध्यापक म्हणाले, आणि चहा एकमताने वगळण्यात आला.

चमचे मोजणारी ती सहावीतली मुलगी वहीच्या बाबतीतही तशीच निघाली. अर्धा पेला असेल तर अर्धे वर्तुळ. धाकट्या भावाने घोट घेऊन सांडले असेल तर वर्तुळाच्या आत एक बारीक टिंब. तिच्या वहीवरून न्यायालयात खटला चालवता आला असता.

उपक्रमाचा दुसरा भाग होता गृहभेटी. दर गुरुवारी मी दोन घरे घेई. शास्त्राच्या दृष्टीने भेट अचानक असायला हवी. परंतु मुख्याध्यापकांना ते असभ्य वाटले. “बायका बाजाराला गेलेल्या असतात, कुणी मासळी सुकवायला गेलेलं असतं. घरात माणूस नको का?” असे म्हणून ते सोमवारी प्रार्थनेनंतर त्या आठवड्याची दोन घरे जाहीर करीत. गुरुवारी मी खांद्याला माझी स्टीलची पाण्याची बाटली अडकवून, हातात तक्ता घेऊन, ठरल्या वेळी दारात हजर होई. बाटली पालघरच्या माझ्या घरच्या शुद्धीकरण यंत्रातून भरून आणलेली असे. समुपदेशनाचा बराचसा भाग बोलण्याचा असल्याने घसा कोरडा पडे, तेव्हा मी मधूनमधून तिच्यातले दोन घोट घेई. ‘बाटलीतल्या रंगापेक्षा साधे पाणी प्या’ हे सांगताना हातात पाणी असणे परिणामकारक ठरते, असे मला वाटे.

पहिल्याच घरी, वरच्या आळीत, मी टेकले नाही तोच आतून ट्रे आला. ट्रेमध्ये तीन पेले, तिन्हींत नारिंगी.

“मी हे घेत नाही,” मी हसून म्हटले. “मी याच कामासाठी आले आहे.”

घरातल्या सासूबाईंनी सुनेकडे पाहिले. “तुला बोलले व्हते. त्यांना काला लागतो. जा, काला आण.”

“काळाही नको, आजी.”

“अगं, शिकलेली मानसं ती. त्यांना पांढरा लागतो, लिंबूवाला,” शेजारची बाई दारातून म्हणाली. सून पांढरा आणायला निघालीसुद्धा. तिला थांबवण्यासाठी मला नारिंगी पेला हातात घ्यावा लागला. एक घोट घेतला. एका घोटाने आकडेवारी बिघडत नाही, असा मी स्वतःशी निर्णय दिला. उरलेली बाटली आळीतल्या मुलांनी आणि शेजारणींनी मिळून संपवली; ती अर्थातच सर्वांत मोठी बाटली होती, कारण पाहुण्यापुढे लहान बाटली फोडणे त्या गावात कद्रूपणाचे समजले जाते.

पुढच्या घरी हेच. त्याच्या पुढच्याही. मी नकार देत असे, मग पेयाचा रंग बदलत असे. एका घरी मी इतका ठाम विरोध केला की त्यांनी अखेर फळाचे चित्र असलेला खोका आणला. ‘खऱ्या फळाचा हाय, मॅडम,’ असे सांगून तो फोडला. त्याच्या मागच्या बाजूला छापलेला साखरेचा आकडा मी वाचला आणि चित्रातल्या आंब्याकडे पाहत तो रस प्याले.

माघ सरेपर्यंत माझ्याकडे पुरेशा वह्या जमल्या आणि मी आलेख काढला. आलेख उतरत होता. आठवड्यामागून आठवडा, वर्तुळे कमी होत होती. त्या संध्याकाळी मी मनातल्या मनात स्वतःला मुंबईच्या त्या संशोधन संस्थेच्या वसतिगृहातल्या खोलीत, खिडकीशी बसलेली पाहिले. मग मी आलेख जवळून पाहिला. उतरणाऱ्या रेषेवर ठरावीक अंतराने सुळे उगवले होते. सगळे दिवस खाली जात होते आणि गुरुवार वर.

विज्ञानाने मला शिकवले होते की विसंगती दिसली की गृहीतके मांडावीत. मी मांडली. पहिले, कारखान्यांची शुक्रवारची साप्ताहिक सुट्टी: कामाला जाणारी माणसे सुट्टीच्या आधी मोकळी होतात, बाटली आणतात. पण गावातली निम्मी घरे मासेमारी आणि बागायती वाड्यांवर चालणारी. त्यांना कारखान्याच्या सुट्टीशी काय देणेघेणे. दुसरे, भरती-ओहोटी. मी खरोखरच तिथी काढून बसले. चंद्र गुरुवार पाळत नाही, हे लक्षात यायला मला एक दुपार लागली. तिसरे, उपास. गुरुवारचा उपास धरणाऱ्या घरांत आणि न धरणाऱ्या घरांत सुळा सारखाच होता. ही सर्व गृहीतके तपासताना, गुरुवारी त्या गावात आणखी कोण जाते, हा प्रश्न मला सुचला नाही. निरीक्षकाला आपण खिडकीची काच आहोत असे वाटते.

मुलाखत महिन्यावर आली होती. मी माझ्या जुन्या प्राध्यापिकेला फोन केला.

“अगं, यात काय अडचण आहे?” त्या म्हणाल्या. “तू गुरुवारी गृहभेटी करतेस ना? म्हणजे तो हस्तक्षेपाचा दिवस झाला. निरीक्षण बाकीच्या दिवसांचं धरायचं. गुरुवार वगळ.”

“असं चालतं?”

“तळटीप दे. तळटिपेत सगळं चालतं.”

मी गुरुवार वगळले. आलेख शाळेच्या मैदानातल्या घसरगुंडीसारखा गुळगुळीत झाला. सादरीकरणाच्या पहिल्या पानावर मी तो ठेवला, तळटीप बारीक अक्षरात घातली, आणि आता केवळ थोडा मानवी जिव्हाळा हवा होता. समितीला मुलांची वाक्ये आवडतात, असे मी ऐकले होते. एखादे निरागस, शक्यतो शुद्धलेखनाच्या एका गोड चुकीसह. तेवढ्यासाठी, केवळ तेवढ्यासाठी, मी पहिल्यांदा ‘शेरा’ हा रकाना वाचायला घेतला. अर्थातच त्या सहावीतल्या मुलीची वही आधी.

‘बुधवार: शेरा नाही. गुरुवार: मॅडम समोरच्या घरी येणार म्हणून त्यांनी बाटली आणली. उरलेलं आम्हाला दिलं. दीड वर्तुळ.’

पुढचा गुरुवार: ‘मॅडम आमच्या घरी येणार होत्या. आईने बाटली आणली. मॅडमना ताप आला म्हणून आल्या नाहीत. आम्ही प्यायलो. चार वर्तुळं.’

त्यानंतर, वेगळ्या शाईत: ‘मी आईला विचारलं, मॅडम नको म्हणतात तरी का आणतेस. आई म्हणाली, मॅडम आपलं पाणी पीत नाहीत. घरून आणतात. मग त्यांच्यापुढे ठेवायचं काय.’

मी दुसरी वही उघडली, मग तिसरी. इतरांचे शेरे त्रोटक होते, पण निदान तेच: ‘मॅडम’, ‘मॅडम आल्या’, ‘मॅडम आल्या तर म्हणून’, ‘पाहुणे (मॅडम)’. एका मुलाने प्रत्येक गुरुवारपुढे नुसता माझ्या स्कूटरचा आकार काढला होता. गावाला सगळे ठाऊक होते. आलेखाचे कारण आलेख काढणाऱ्या व्यक्तीखेरीज सर्वांना माहीत होते.

गृहीतक तपासल्याशिवाय स्वीकारायचे नाही, ही सवय वाईट वेळीही सुटत नाही. शनिवारी मी न सांगता, बाटली न घेता, त्या मुलीच्या घरी गेले. ताप आलेल्या आठवड्याची भेट राहिलीच होती. तिची आई अंगणात बांबूंच्या मांडवावरून सुके बोंबील उतरवत होती. मला पाहून तिचा चेहरा उतरला.

“आज शनवार ना? आज कशा?”

“सहज आले. बसते थोडा वेळ.”

“घरात कायच नाय, मॅडम. थांबा, पोरीला दुकानात पाठवते.”

“पाठवू नका. मला पाणी द्या.”

तिने बोंबलांची टोपली खाली ठेवली. मुलीने तोवर वही आणली होती. ती उंबऱ्यात बसून आमच्याकडे पाहत होती.

“आमचं पाणी तुमाला नाय चालायचं,” आई म्हणाली. “मचूळ हाय. होळी झाली की खाडीचं पाणी विहिरीत उतरतं. नलाला दिवसाआड येतं, ते चुलीपुरतं ठेवते.”

“मग मुलं काय पितात?”

“तेच. तोंडात घेतात नि थुंकतात. शालेतून आली की हंड्याकडं बघत पण नाय. रंगाचं पाणी मात्र गपागप जातं. तुमी तिकडं सांगता आठ पेले पाणी प्या. मी बोलते हिला, जा, मॅडमना पयला एक पाज.”

“मग सांगायचं नाही का मला?”

“काय सांगायचं? पयल्या दिवशी तुमी वरच्या आळीत बसल्या. सूनबाईनं तांब्या भरून ठेवलेला. तुमी खांद्याची बाटली काढली नि प्याल्या. तांब्या तसाच. ती गोष्ट सगल्या गावात गेली. पाहुण्याला पाणी इचारायचं नि तो नाय बोलला, तर घरच्या बाईनं तोंड कुठं लपवायचं? बाटलीबंद असलं तर कोन नाय बोलत नाय.”

तो तांब्या मला आठवेना. मी फार आठवून पाहिले. मी स्वतः याच किनाऱ्यावरच्या माकुणसार गावातल्या वाडीवाल्या घरातली. दारात आलेल्या माणसाला आधी पाणी, मग नाव विचारायचे, हे मला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. पण त्या दिवशी माझे लक्ष ट्रेवर होते. माझ्या नोंदपत्रात ट्रेला रकाना होता.

“आज मी बाटली आणलेली नाही,” मी म्हटले.

ती आत गेली आणि तांब्या-फुलपात्र घेऊन आली. मी प्याले. मिठाची रिकामी बरणी विसळावी तशी चव; शेवटी जिभेच्या मागे काहीसा कडवटपणा. सगळे फुलपात्र संपवले. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती, परीक्षक बघतात तशी.

“कसं हाय, बाय?”

“वाईट आहे.”

ती पहिल्यांदा हसली. “मंग,” एवढेच म्हणाली.

उंबऱ्यातून मुलीने विचारले, “मॅडम, हे कुठं लिहू? वर्तुळ काढू?”

“पाण्याचं वर्तुळ नसतं.”

“मग ह्याला जागाच नाय.”

नव्हतीच. पाणी प्या असे सांगणाऱ्या त्या वहीत, पाणी कुठे लिहायचे हे मी ठरवले नव्हते.

आता प्रश्न साधा आणि कटू होता. गुरुवार परत घातले तर माझा आलेख म्हणजे उपक्रम फसल्याचा लेखी पुरावा होता, आणि मुलाखतीला जागा एकच होती. न घातले तर तळटीप माझ्या बाजूने होती. मी तीन दिवस तळटिपेच्या बाजूने युक्तिवाद केला. युक्तिवाद उत्तम होता. त्यात एकच खोट होती: ते दीड वर्तुळ. अर्ध्या पेल्याचे अर्धे वर्तुळ काढणाऱ्या मुलीची वही मी सोयीनुसार कापून सादर करणार होते, आणि मला स्वतःला शास्त्रज्ञ म्हणवून घ्यायचे होते.

गुरुवार मी परत घातले. मात्र शेरे जाहीर करायचे तर पालकांची परवानगी हवी, म्हणून शाळेत सभा घेतली. भिंतीवर आलेख लावला, सुळ्यांकडे बोट दाखवले आणि कारण सांगितले. मला वाटले होते, लोक संकोचतील.

“म्हंजे गावात साखर कोन वाढवतं, तर तुमी?” वरच्या आळीतल्या त्या सासूबाईंनी विचारले.

“गुरुवारी तरी, हो.”

“मंग तुमी येव नका. आमची साखर आपसूक उतरंल.”

सभा मनसोक्त हसली. किराणा दुकानदार मागून म्हणाले, “असं नका करू. गुरवारी माझा माल खपतो.”

“येवू दे तिला,” मुलीची आई म्हणाली आणि माझ्याकडे वळली. “पन येताना ती बाटली नको आनू. आमचं मचूळ पिवून जा. पटलं नाय तर पंचायतीत जावून तू पन बोल, आमी बोलून दमलो.”

मुख्याध्यापकांनी मधे पडून सभेला विषयावर आणण्याचा प्रयत्न केला. परवानगी हात वर करून मिळाली. झाकणवाल्या कारखान्याचे अधिकारीही सभेला आले होते; जाताना त्यांनी मला विचारले की वार्षिक अहवालात गुरुवार वगळलेला, गुळगुळीत आलेख वापरायला हरकत नाही ना, कारण तो आधीच छापायला गेला आहे.

मुलाखतीत तीन जण होते. मी आलेख दाखवला, सुळे दाखवले, शेरे वाचले. मधले परीक्षक दीड वर्तुळावर मनापासून हसले आणि मला वाटले, जागा मिळाली.

“पण बाकीचे दिवस तर खाली येतायत,” डावीकडच्या बाई म्हणाल्या. “तो तुमचा परिणाम समजायचा ना?”

त्यांनी मला हात दिला होता. मला फक्त ‘हो’ म्हणायचे होते. तोंड उघडले आणि त्याच क्षणी मला ते दिसले, जे इतके महिने दिसले नव्हते.

“खात्रीने सांगता येणार नाही,” मी म्हटले. “गुरुवारी पाहुणीपुढे मोठी बाटली फोडायची, म्हणून ते आठवडाभर आणत नसतील. कदाचित त्यांनी कमी केलंच नाही. फक्त माझ्यासाठी राखून ठेवलं.”

मधले परीक्षक कागदावर काहीतरी लिहू लागले. आपण स्वतःच्या प्रकल्पाचा उरलेला अर्धा भागही बुडवला, हे मला वाक्य पूर्ण झाल्यावर कळले. त्याहून विचित्र म्हणजे, विश्लेषण बरोबर आल्याचा थोडा आनंदही झाला.

पंधरा दिवसांनी पत्र आले. ‘आपले सादरीकरण रोचक होते’, असे त्यात म्हटले होते. जागा दुसऱ्या उमेदवाराला मिळाली. माझ्या प्राध्यापिकेने फोनवर तळटिपेचा उल्लेख केला नाही, हा त्यांचा मोठेपणा. कोणी पाहत नसताना मी एकदा रडले, आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या वर्षीच्या अर्जाची मुदत शोधून काढली.

शाळेला सुट्टी लागण्याआधी वह्या गोळा करायला गेले, तेव्हा मुलीच्या आईने विचारले, “लागला काय नंबर, बाय?”

“नाही.”

“का?”

“जे झालं ते सगळं सांगितलं.”

ती थक्क झाली. “सगलं कशाला सांगायचं? आमी काय कुनाला बोललो असतो? पोरीला पन गप केली असती.”

“पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करणार आहे. या वेळी पाण्यावर काम करीन. कोणत्या घरी कोणतं पाणी, किती खारट, मुलं किती पितात. सगळं मोजणार आहे.”

तिने तांब्यातून फुलपात्र भरून माझ्यापुढे सरकवले.

“मोजून खार उतरतो काय ग त्याचा?” तिने विचारले. टोमणा नव्हता, तिला खरोखर जाणून घ्यायचे होते. मी पाणी प्याले आणि उतरत नाही, असे सांगितले.